मास्तरकीच्या मुलाखतीला जाताना : पाकीट नव्हे, पाठ तयार ठेवा



आपल्या या अंकांतून आम्ही लागणीचे, खोडव्याचे, पाण्याच्या पाळ्यांचे आणि पाचट न जाळण्याचे पुष्कळ लिहीत असतो. या वेळी थोडी वेगळी वाट धरली आहे. त्याचे कारण असे की, कार्यक्षेत्रातल्या कोणत्याही गावी गेलो आणि ओट्यावर चहा झाला, की ऊसबिलाच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच, "आमच्या पोराचं डी.एड. झालंय, पोरीचं बी.एड. झालंय. परीक्षा पण दिलीय. आता मुलाखतीला बोलावतील. कुणाला भेटावं?"

"कुणाला भेटावं?" हाच पहिला प्रश्न येतो. "काय तयारी करावी?" असे फार थोडे जण विचारतात. ज्या घरात बेणे निवडताना डोळा न् डोळा पारखतात, त्या घरात पोराच्या आयुष्याच्या मुलाखतीला मात्र तयारीवाचून पाठवतात आणि ओळखीवर भरवसा टाकतात, हे आम्हाला योग्य वाटत नाही. म्हणून हा लेख. घरात कोणी शिक्षक होऊ पाहत असेल, तर त्याला तो वाचायला द्यावा, आणि आधी आपणही वाचावा.

ही नोकरी मिळते कशी, ते आधी समजून घ्या

पूर्वी संस्थेच्या कचेरीत अर्ज दिला, चार माणसांनी पाहिले आणि ऑर्डर हाती पडली, असे होई. आता तसे राहिलेले नाही. २३ ऑगस्ट २०१० च्या राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या अधिसूचनेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांना शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, आवश्यक केली. आपल्या राज्यात ही परीक्षा प्रथम डिसेंबर २०१३ मध्ये झाली. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. प्रत्येक पेपर १५० गुणांचा असून खुल्या गटाला त्यांपैकी ९० गुण, म्हणजे ६० टक्के, मिळवावे लागतात. पूर्वी हे प्रमाणपत्र सात वर्षे चाले. २०२१ मध्ये केंद्राने ते आयुष्यभरासाठी ग्राह्य ठरवले, आणि तेही २०११ पासून. तेव्हा जुने प्रमाणपत्र पेटीत असेल तर ते काढून जपून ठेवावे.

टीईटी ही झाली पात्रता. निवडीसाठी दुसरी चाचणी असते, तिचे नाव अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे टेट. दोनशे प्रश्न, दोनशे गुण आणि वेळ दोन तास. त्यात १२० गुण अभियोग्यतेला आणि ८० बुद्धिमत्तेला. ही चाचणी पहिल्यांदा २०१७ साली, मग २०२३ साली आणि त्यानंतर २०२५ साली झाली. नावे सारखी वाटतात म्हणून पुष्कळ घरांत घोटाळा होतो. टीईटी पास झाली म्हणजे नोकरी लागली, असा समज करून घेऊ नये.

या चाचणीच्या गुणांवर 'पवित्र' नावाच्या संगणक प्रणालीतून भरती होते. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी मुलाखत नाही, तेथे गुणानुक्रम हाच आधार. खासगी अनुदानित संस्थेला मात्र दोन वाटा आहेत, मुलाखतीशिवाय किंवा मुलाखतीसह. दुसरी वाट घेतलेल्या संस्थेकडे प्रणाली एकेका जागेसाठी ठराविक उमेदवार पाठवते. संस्था त्यांचा पाठ पाहते, मुलाखत घेते आणि एकाला निवडते. विनाअनुदानित शाळा, इंग्रजी माध्यमाच्या शाळा आणि तासिका तत्त्वावरच्या जागा यांच्या मुलाखती वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून थेट होतात.

आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात घ्यावी. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता चालणार नाही. तेथे डी.एड., ज्याला आता डी.एल.एड. म्हणतात, तेच लागेल. सहावीपासून पुढे पदवी व बी.एड. उपयोगी पडते. पोरगी लहान मुलांना शिकवणार की मोठ्या, हे ठरवून मगच कॉलेजात पैसे भरावेत. १ सप्टेंबर २०२५ च्या दुसऱ्या निकालाने तर पहिली ते आठवीच्या नोकरीत असलेल्या शिक्षकांपैकी ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे, त्यांनाही दोन वर्षांत टीईटी पास होण्यास सांगितले आहे. जुने मास्तरही आता पुस्तक घेऊन बसले आहेत, मग नव्यांनी आळस करून कसे चालेल?

पाकिटाचा प्रश्न

आता जे सगळे दबक्या आवाजात बोलतात, ते आम्ही उघड बोलतो. मुलाखतीचे पत्र आले की आठ दिवसांत कोणीतरी मध्यस्थ घरी येतो. "संस्थेच्या इमारतीला मदत लागेल," म्हणतो. आकडा लाखांत असतो. मग रानाचा तुकडा विकायचा की सोसायटीवर बोजा चढवायचा, याची चर्चा रात्री सुरू होते. घरातली म्हातारी गप्प बसते आणि ज्याच्यासाठी हे चालले आहे ते पोरगे खाली मान घालून ऐकत असते. आपले शिक्षण कवडीमोल आहे, हा धडा त्याला त्या रात्री मिळतो.

व्यवहार म्हणूनच या गोष्टीकडे पाहू. रान विकले की ते परत येत नाही. दिलेल्या पैशाची पावती नसते. अनुदानित शाळेत नेमणूक झाली तरी शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता मिळावी लागते आणि शालार्थ प्रणालीत नाव चढावे लागते, तेव्हा शासनाचा पगार सुरू होतो. ही मान्यता जागा मंजूर आहे की नाही, बिंदुनामावलीत बसते की नाही, भरती रीतीने झाली की नाही, यावर मिळायची असते. मध्यस्थाच्या शब्दाला तेथे किंमत नाही. २ मे २०१२ च्या आदेशाने राज्यात शिक्षकभरतीवर बंदी आली. त्यानंतर परवानगीवाचून झालेल्या नेमणुका कितीतरी वर्षे मान्यतेसाठी आणि कोर्टात अडकून राहिल्या. त्या घरांचे रानही गेले आणि पगारही आला नाही.

आडवाटेने आणलेला कागद तर आणखी घातक. २०१९-२० च्या टीईटीमधला गैरप्रकार २०२१ मध्ये पोलिसांनी उघडकीस आणला. पुढच्या वर्षी साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांचे निकाल रद्द झाले आणि त्यांना या परीक्षेची दारे बंद झाली. २०२५ मध्ये नागपूर भागात बनावट शालार्थ क्रमांकांचे प्रकरण निघाले, त्यातही अटका झाल्या. काट्यावर दगड ठेवून वजन वाढवणाऱ्याला आपण काय म्हणतो? मग हे त्याहून वेगळे कसे?

येथे आणखी एक गोष्ट बोलणे भाग आहे. आपल्या सभासदांपैकीच कित्येक जण गावच्या शाळेच्या संस्थेवर, कार्यकारी मंडळावर आहेत. मुलाखत घेणाऱ्या टेबलाच्या पलीकडे बसणारे तेही आपलेच. वजनात मारले तर आपण कारखान्याच्या सभेत उभे राहून जाब विचारतो. त्याच न्यायाने आपल्या शाळेतली जागा लिलावात काढू नये, अशी आमची त्यांना हात जोडून विनंती आहे. पैसे मोजून आलेला मास्तर पुढची दहा वर्षे ते पैसे वसूल करण्याच्या विचारात राहील आणि त्याच्यासमोर बसणारी पोरे आपलीच असतील.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, ती गोरगरिबाच्या पोराला शिकता यावे म्हणून. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साथीने प्रवरेकाठी सहकारी कारखाना उभा केला आणि १९५०-५१ च्या हंगामात तो सुरू झाला, तो शेतकऱ्याने कोणापुढे हात पसरू नये म्हणून. ऊस आणि शाळा या आपल्या भागात जुळ्या भावंडांसारख्या वाढल्या. हे विसरून चालणार नाही.

कागदांची पिशवी

मुलाखतीच्या आधी पंधरा दिवस कागद जमवायला सुरुवात करावी. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवी, डी.एल.एड. किंवा बी.एड.चे प्रमाणपत्र, टीईटीचे प्रमाणपत्र, टेटचे गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास दाखला, आधार, फोटो. आरक्षित जागेसाठी जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तेथे नॉन-क्रिमिलेअर. संगणकाचे प्रमाणपत्र असेल तर तेही. लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर, अशी अडचण हमखास येते. त्यासाठी राजपत्रातील नावबदल किंवा विवाह नोंदणीचा दाखला आधीच काढावा. नावातली वेलांटी, वडिलांच्या नावातले 'राव', जन्मतारीख हे सर्व कागदांवर एकसारखे आहे ना, ते डोळ्यांखालून घालावे.

मूळ कागद एका पिशवीत, साक्षांकित प्रतींचे दोन संच दुसऱ्या पिशवीत. मूळ कागद दाखवावेत आणि परत घ्यावेत. "राहू द्या, नंतर न्या," असे कोणी म्हटले तरी ते ठेवून येऊ नये. ज्याच्या हाती आपले मूळ कागद, त्याच्या हाती आपली दोरी.

पाठ हीच खरी परीक्षा

मुलाखतीत एखादा पाठ घ्यायला सांगतात. वेळ दहा-पंधरा मिनिटांचा. कधी वर्गात खरी मुले असतात, तर कधी समितीचे सभासदच मुले होऊन बसतात. येथे मोठमोठे विद्वान घसरतात, कारण दहा मिनिटांत सगळे पुस्तक सांगायला जातात. त्यांना आमचे सांगणे एवढेच की, एकच गोष्ट निवडा आणि ती शेवटच्या बाकापर्यंत पोचवा.

डी.एड.ला शिकवलेली हर्बार्टची पंचपदी आठवा. आधी मुलाला ठाऊक असलेले काढून घ्यायचे, मग नवे मांडायचे, जुन्याशी जोडायचे, नियम मुलांच्या तोंडून वदवायचा आणि शेवटी एक उदाहरण त्यांनाच सोडवायला द्यायचे. पाठटाचण एका पानात लिहून त्याच्या प्रती समितीपुढे ठेवाव्यात. मूल पाठानंतर काय करू शकेल, ही अध्ययन निष्पत्ती त्यात पहिल्याच ओळीत असावी.

समजा सातवीचा वर्ग आहे आणि शेकडेवारी शिकवायची आहे. फळ्यावर सूत्र लिहून सुरुवात केली तर अर्धा वर्ग तेथेच झोपतो. त्याऐवजी विचारावे, "तुमच्यातल्या कुणाकुणाचा ऊस कारखान्याला जातो? उतारा हा शब्द कुणी ऐकलाय?" हात वर येतील. "शंभर टन उसातून अकरा टन साखर निघाली, तर उतारा किती?" उत्तर पोरे देतील, अकरा टक्के. मग शंभराऐवजी दोनशे टन घ्या, बावीस टन येतील. मग अडीचशे टन घ्या. आता थोडा विचार लागेल. शंभराचे अकरा, आणखी शंभराचे अकरा, पन्नासाचे साडेपाच, म्हणजे साडेसत्तावीस टन. येथपर्यंत मुले स्वतः आली, की सूत्र आपोआप फळ्यावर येते. ज्याचा बाप वर्षानुवर्षे 'उतारा' म्हणतो, त्या पोराला तो शब्द पहिल्यांदा कळतो आणि शाळा व शेत यांची गाठ बसते.

भूमितीत क्षेत्रफळ घ्यायचे असेल तर गुंठा घ्यावा. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर, ४३,५६० चौरस फूट. सातबारावर मात्र हेक्टर-आर असते, एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, गुंठ्याहून किंचित लहान. विज्ञानात आम्ल व आम्लारी घ्यायचे असेल तर उसाच्या रसात चुन्याची निवळी का टाकतात, हे विचारावे. रस किंचित आम्लधर्मी असतो, चुना ते आम्ल मारतो आणि मळी खाली बसायला मदत करतो. लिटमस कागदाचा एक तुकडा खिशात असला की झाले.

एक सावधगिरी ठेवावी. शाळा कोकणात असेल तर भात घ्यावा, नाशकाकडे असेल तर द्राक्ष घ्यावे, शहरात असेल तर बसचे तिकीट घ्यावे. आपला ऊस सगळीकडे नेऊ नये. मुलाच्या अंगणातली वस्तू घ्यायची, एवढेच यातले मर्म.

फळ्याकडे तोंड करून बोलू नये. अक्षर मोठे आणि ओळ सरळ असावी. चुकीचे उत्तर देणाऱ्याला "बस खाली" म्हणू नये. "तू असं का म्हणालास, सांग बरं," म्हणावे. समितीतले जाणते लोक नेमके हेच पाहतात, कारण शिकवणे येते की नाही हे शितावरून भातासारखे तेथेच कळते.

प्रश्न कसे येतात

"स्वतःबद्दल सांगा," हा पहिला प्रश्न. नाव, गाव, शिक्षण, कोठे किती दिवस शिकवले आणि कोणता विषय मनापासून आवडतो, हे दीड-दोन मिनिटांत सांगून थांबावे. आजोबांपासून सुरुवात करू नये. शेतकऱ्याचे पोर आहे हे सांगण्यात कमीपणा मानू नये, पण त्यावर दया मागू नये.

"शिक्षकच का व्हायचे?" येथे "सुट्ट्या असतात", "पगार लागून राहतो" ही उत्तरे मनात असली तरी तोंडी येऊ नयेत, आणि "देशसेवा" हा गुळगुळीत शब्दही नको. एखादा खरा अनुभव असावा. गल्लीतल्या एखाद्या मुलाला आपण वाचायला शिकवले असेल, तर ते सांगावे. तसे काही केलेच नसेल, तर मुलाखतीला जाण्यापूर्वी ते करावे. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

"पाचवीच्या वर्गात चार मुलांना वाचता येत नाही, काय कराल?" हा हल्लीचा हमखास प्रश्न. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत कार्यक्रमाचा भर यावरच आहे. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे गणित करता यावे. उत्तर असे द्यावे की, आधी प्रत्येक मूल कोठे अडते ते पाहीन. अक्षर, जोडाक्षर, शब्द की वाक्य? मग रोज वीस मिनिटे त्यांच्या पायरीवरून सुरुवात करीन आणि दर आठवड्याला नोंद ठेवीन. "जादा तास घेईन" एवढे म्हणून भागत नाही. बालकांच्या शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यानुसार प्रत्येक मुलाची प्रगती पाहून त्याला पूरक शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे, आणि शिक्षकाने खासगी शिकवण्या घेण्यास त्याच कायद्याने मनाई आहे.

"मूल ऐकत नसेल तर?" येथे जुन्या माणसांना छडी आठवते. पण कायद्याच्या कलम १७ ने मारहाण आणि मानसिक छळ या दोहोंवर बंदी घातली आहे. मुलाशी एकट्याने बोलणे, त्याला जबाबदारीचे काम देणे, पालकांना भेटणे, हे मार्ग सांगावेत. मुलांच्या सुरक्षिततेसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, हेही माहीत असावे.

आणि एक प्रश्न असा आहे की, ज्याचे उत्तर आपल्या भागातल्या उमेदवाराला इतर कोणापेक्षा चांगले देता आले पाहिजे. "दिवाळीनंतर ऊसतोडणी कामगारांची पोरे गावात येतात. ती शाळेत आली तर काय कराल?" आपल्याच फडात पहाटे मोळ्या बांधल्या जातात, तेव्हा पाचटावर गोधडीत निजलेले मूल कोणाचे असते? त्याची शाळा बीडकडे, नगरकडे, आणखी कोठे मागे राहिलेली असते. शिक्षण हक्काच्या कायद्याप्रमाणे त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे. दाखला आला नाही या कारणाने प्रवेश अडवता येत नाही. चांगला शिक्षक म्हणेल, "मी फडावर जाऊन मुलांची यादी करीन, मुकादमाशी बोलेन, मूल वर्गात बसवीन आणि हंगाम संपून ते परत जाईल तेव्हा काय शिकले त्याची नोंद त्याच्या हाती देईन." असे उत्तर देणारा उमेदवार आपल्याकडे निघावा. ज्याने आपला ऊस कारखान्यापर्यंत पोचवला, त्याच्या पोराला पाटीपर्यंत पोचवणे, हे आपल्यावरचे देणे आहे.

शेवटी कधी कधी आडून प्रश्न येतो, "संस्थेला तुमची काय मदत होईल?" घाबरू नये, रागावू नये. "मी वेळेवर येईन, निकाल देईन, स्पर्धा परीक्षेचे आणि खेळाचे काम अंगावर घेईन. पैशाची मदत करण्याची आमची ऐपतही नाही आणि तयारीही नाही," असे शांतपणे म्हणावे. ही जागा गेली तर गेली. ज्या दारातून वाकून आत गेलो, त्या दारात पुढे ताठ उभे राहता येत नाही.

घरच्यांनी काय करावे

आता पालकांशी आणि सासू-सासऱ्यांशी दोन शब्द. घरात सून शिकलेली असेल आणि तिला मुलाखतीचे पत्र आले असेल, तर ते पंधरा दिवस रोज दोन तास तिच्या हातात पोळपाट देऊ नका. धारा, भाकरी, पोरांचे डबे हे दुसऱ्या कोणी बघावे. पोराला मुलाखत असेल आणि पाण्याची पाळी रात्रीची असेल, तर मोटारीवर दुसऱ्याला पाठवावे. जागरण करून गेलेला उमेदवार फळ्यापुढे जांभया देतो.

संध्याकाळी घरच्या दारावर खडूने लिहून त्याला पाठ घ्यायला सांगा. समोर गल्लीतली पोरे बसवा आणि मागे आजीलाही बसवा. आजीला कळले, तर वर्गाला कळेल. बोलताना "म्हणजे", "काय म्हणतात ते" असे शब्द किती येतात, ते धाकट्या भावाने मोजावे. हसू येईल, पण चार दिवसांत सवय जाते. प्रमाण भाषा नीट यावी, पण आपल्या बोलीची लाज वाटू नये. पहिलीच्या मुलाशी पहिला दुवा बोलीच जोडते.

ज्या शाळेत जायचे तिची माहिती काढावी. पट किती, कोणते वर्ग, मुले कोणत्या वाड्या-वस्त्यांवरून येतात. जमल्यास आदल्या दिवशी गाव पाहून यावे. दिवशी स्वच्छ, साधे, इस्त्रीचे कपडे घालावेत. नवे बूट घालू नयेत, चावतात. एसटीची वेळ पाहून एक गाडी आधीची धरावी. सोबत गेलेल्या वडिलांनी फाटकाबाहेर थांबावे. आत जाऊन "साहेब, आमच्या पोराकडं बघा" म्हणू नये. त्या एका वाक्याने पोराचा पंधरा दिवसांचा अभ्यास पाण्यात जातो.

निवड झाली तर लगेच चारचाकीचे स्वप्न पाहू नये. पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काम करावे लागते. १ जानेवारी २०२३ पासून हे मानधन प्राथमिकला दरमहा १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार रुपये केले आहे. पूर्वी ते सहा, आठ आणि नऊ हजार होते. पुढे नियमित वेतनश्रेणी मिळते. नेमणुकीचा आदेश लेखी घ्यावा, त्यावर पद, विषय, दिनांक आणि सही-शिक्का पाहावा, आणि मान्यतेचा प्रस्ताव कधी गेला त्याची विचारपूस ठेवावी. खासगी शाळांतील सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आणि त्याखालची १९८१ ची नियमावली शिक्षकाने एकदा तरी वाचावी. आपले हक्क आणि आपली कामे, दोन्ही त्यात आहेत.

आणि निवड झाली नाही तर? घरात सुतक पाळू नका. एका जागेला एकच जण लागतो, बाकीचे नालायक असतात असे नाही. कोठे कमी पडलो, ते त्याच रात्री वहीत लिहावे. प्रश्न कोणते आले, कोणत्याला अडखळलो, पाठाला वेळ पुरला का. ही वही पुढच्या मुलाखतीला सोन्यासारखी उपयोगी पडते आणि गावातल्या दुसऱ्या उमेदवारालाही देता येते. अशी माहिती लपवू नये. सहकाराचे तत्त्व उसापुरतेच नाही. गावात चार-पाच उमेदवार असतील तर त्यांनी रविवारी शाळेत जमावे, एकाने शिकवावे, बाकीच्यांनी चुका काढाव्यात. गावातल्या निवृत्त गुरुजींना खुर्ची देऊन बसवावे. त्यांच्या चाळीस वर्षांच्या अनुभवाला फी नाही, एक कप चहा पुरतो.

हंगामाच्या घाईतही ज्या सभासदांच्या घरी असे उमेदवार आहेत, त्यांनी ही गोष्ट मनावर घ्यावी. रान राखावे, पोराला अभ्यासाला वेळ द्यावा आणि त्याला त्याच्या पाठाच्या बळावर त्या खोलीत जाऊ द्यावे. तो उद्या ज्या वर्गात उभा राहील, त्या वर्गात आपली नातवंडे बसणार आहेत.